बर्नी सँडर्स बंदुकांच्या बाजूचे की विरोधातले? मतनोंद वाचायची कशी

प्रश्न असा आहे. अमेरिकेचं नागरिकत्व नुकतंच मिळालेल्या एका मराठी बाई यंदा पहिल्यांदा मतदान करणार आहेत. बंदूक-नियंत्रणावर कोणी काय मत दिलं हे त्या तपासायला बसल्या आणि नाव ओळखीचं म्हणून सुरुवात व्हरमाँट राज्याचे सिनेटर बर्नी सँडर्स यांच्यापासून केली. एका ठिकाणी त्यांना वाचायला मिळालं की या माणसानं ब्रेडी विधेयकाच्या विरोधात पाच वेळा मत दिलं आणि वर बंदूक कंपन्यांना खटल्यांपासून कवच दिलं. दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं की एनआरए या बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेनं त्यांना ‘डी-मायनस’ दिलंय आणि असॉल्ट रायफलींवरच्या बंदीला त्यांचा पहिल्यापासून पाठिंबा आहे. त्या विचारतात, यातलं खोटं कोणतं?

ताई, दोन्ही खरं आहे. खासदारांच्या मतनोंदी तपासून देणं हे माझं वॉशिंग्टनमधलं रोजचं काम. या कामात धडधडीत खोटं फार कमी सापडतं. पत्रकं बनवणारे तारीख आणि मत बहुतेक वेळा बरोबरच छापतात. त्या दिवशी सभागृहापुढे नेमका काय प्रश्न होता, एवढंच गाळतात. ते कसं, हे दाखवायला सँडर्स यांच्यासारखं उदाहरण नाही, म्हणून त्यांच्यावरच बोलतो.

आधी व्हरमाँट समजून घ्या. शिकारीची परंपरा असलेलं छोटं, ग्रामीण राज्य. बंदुकीवर राज्याचे कायदे तेव्हा नावापुरतेच होते. कपड्याखाली पिस्तूल बाळगायलाही परवाना लागत नसे, आजही लागत नाही. हाउसमध्ये, म्हणजे प्रतिनिधीगृहात, या राज्याची एकच जागा. १९८८ मध्ये बर्लिंग्टनचे महापौर असलेले सँडर्स त्या जागेसाठी अपक्ष उभे राहिले. असॉल्ट वेपनवर, म्हणजे लष्करी धाटणीच्या बंदुकांवर, बंदी हवी हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. ते पडले आणि रिपब्लिकन पीटर स्मिथ निवडून आले. पुढच्याच वर्षी स्मिथनी अशाच बंदीच्या विधेयकाला पाठिंबा दिला, आणि एनआरएचं टाळकं सरकलं. १९९० च्या निवडणुकीत संघटनेनं स्मिथना पाडायचंच असा चंग बांधला. सँडर्स निदान जे आहे ते तोंडावर बोलतात, हा संघटनेचा युक्तिवाद. सँडर्स ५६ टक्के मतं घेऊन निवडून आले. बंदीला पाठिंबा देणारा माणूस एनआरएच्या हातभारानं काँग्रेसमध्ये गेला, हा इतिहास विसरला तर पुढचं काहीच उलगडत नाही.

त्याच प्रचारात त्यांनी एक शब्द दिला होता: हँडगन घेणाऱ्यावर थांबण्याची सक्ती करणाऱ्या विधेयकाला मी विरोध करीन. ते विधेयक म्हणजे ब्रेडी. १९८१ मध्ये रेगन यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी जखमी होऊन कायमचे अपंग झाले. त्यांचं नाव विधेयकाला मिळालं. हँडगन विकत घेताना पाच कामकाजाचे दिवस थांबायचं आणि तेवढ्यात पोलिसांनी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासायची, ही त्यातली मुख्य गोष्ट. सँडर्सनी १९९१ ते १९९३ या काळात त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर ‘नाही’ असं मत दिलं. ‘पाच वेळा’ हा आकडा तिथून येतो. विधेयक एकच, फेऱ्या अनेक. आकडा खरा आहे, पण ऐकणाऱ्याला वाटतं पाच निरनिराळे कायदे हाणून पाडले. प्रत्यक्षात १० नोव्हेंबर १९९३ ला हाउसनं ते २३८ विरुद्ध १८९ नं मंजूर केलं आणि ३० नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची सही झाली.

सँडर्स यांचं म्हणणं असं, की मला तपासणीला हरकत नाही, थांबवण्याला आहे. तात्काळ तपासणी करा. हे कारण मला अर्धंच पटतं. तात्काळ तपासणीची राष्ट्रीय संगणक यंत्रणा सुरू झाली नोव्हेंबर १९९८ मध्ये. १९९३ साली ‘तात्काळच करा’ असं म्हणणं म्हणजे यंत्रणा उभी राहीपर्यंत तपासणीविना चालू द्या, असंच होतं. दुसरीकडे, मतदारांना दिलेला शब्द त्यांनी पाळला हेही खरं. तुम्ही यातलं कशाला जास्त वजन द्याल ते तुमचं तुम्ही ठरवा, पण पत्रकवाल्यानं तुमच्या वतीनं ते ठरवून टाकू नये.

आता पुढचं वर्ष बघा. ५ मे १९९४. हाउसमध्ये असॉल्ट वेपनवरच्या बंदीचं स्वतंत्र विधेयक मताला आलं आणि २१६ विरुद्ध २१४ असं मंजूर झालं. एक माणूस जरी इकडून तिकडे गेला असता तरी मतं सारखी होऊन विधेयक पडलं असतं. त्या २१६ मध्ये एकुलत्या एका अपक्षाचं मत होतं, ते सँडर्स यांचं. ब्रेडीवरच्या त्यांच्या ‘नाही’नं निकालात काडीचा फरक पडला नाही, या ‘हो’वर कायदा तरला. पत्रकात मात्र दोन्ही मतं एकाच आकाराच्या अक्षरांत छापली जातात. म्हणून मी मत बघण्याआधी फरक बघतो. पन्नास मतांनी पास होणाऱ्या गोष्टीत खासदाराला आपल्या मतदारसंघाकडे बघून मत देण्याची चैन परवडते. दोन मतांच्या फरकात ती परवडत नाही, तिथं माणूस कळतो.

ती बंदी पुढे १९९४ च्या मोठ्या गुन्हेगारीविरोधी कायद्यात गेली: काही रायफली आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन यांच्यावर दहा वर्षांची बंदी. १३ सप्टेंबर १९९४ ला कायदा झाला, बरोबर दहा वर्षांनी संपला. या कायद्यानं दोन जुन्या एनआरए-मित्रांची कशी गोची केली तेही सांगतो. टेक्ससचे जॅक ब्रुक्स न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते. बंदी विधेयकात येऊ नये म्हणून ते झगडले, पण मूळ विधेयक त्यांच्याच नावावर आणि शेवटी त्याला त्यांचंच मत. नोव्हेंबरमध्ये मतदारांनी त्यांना घरी बसवलं. मिशिगनचे जॉन डिंगेल तर एनआरएच्या संचालक मंडळावर होते. त्यांनी विधेयकाला मत दिलं आणि मंडळाचा राजीनामा दिला. या दोघांच्या नावापुढे ‘बंदीला हो’ असं लिहिलं तर ते अक्षरशः खरंच आहे, पण त्यावरून तुम्हाला या दोघांबद्दल काय कळलं?

अनेक विषय एकत्र बांधलेली अशी गाठोडी अमेरिकी काँग्रेसमध्ये पावलोपावली भेटतात. मे २००९ मध्ये क्रेडिट कार्ड कंपन्यांना लगाम घालणारा कायदा झाला. सिनेटनं त्यात जाता जाता एक दुरुस्ती घुसवली: राष्ट्रीय उद्यानांत भरलेली बंदूक नेता येईल. हाउसनं निदान चलाखी केली आणि दोन भागांवर वेगवेगळं मत घेतलं. कार्डाचा भाग ३६१ विरुद्ध ६४ आणि बंदुकीचा २७९ विरुद्ध १४७. त्यामुळे हाउसच्या सदस्यांबाबत आपल्याला खरं उत्तर मिळतं. एरवी असं नशीब नसतं.

सँडर्सवर परत येतो, कारण सगळ्यात मोठा आक्षेप अजून बाकी आहे. २००५ चा कायदा. बंदुकीचा वापर गुन्ह्यात झाला म्हणून बनवणाऱ्यावर किंवा विकणाऱ्यावर दिवाणी दावा लावता येणार नाही, असं संरक्षण त्यानं दिलं. अपवाद ठेवले: सदोष माल, माहीत असून चुकीच्या माणसाच्या हाती बंदूक देणं, विक्री-जाहिरातीचे कायदे जाणूनबुजून मोडणं. सँडर्स तेव्हा हाउसमध्ये होते. त्यांनी २००३ च्या आवृत्तीला आणि २० ऑक्टोबर २००५ ला अंतिम विधेयकालाही ‘हो’ म्हटलं. सिनेटमध्ये ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांनी ‘नाही’ म्हटलं होतं, आणि क्लिंटनबाईंनी २०१६ च्या प्रचारात त्याचा पुरेपूर वापर केला. छोट्या गावातल्या दुकानदारानं कायदेशीर विक्री केली आणि पुढे कुणी गुन्हा केला तर त्याला का धरायचं, असा सँडर्स यांचा बचाव. याच कायद्यात हँडगनबरोबर सुरक्षाकुलूप देण्याची अटही होती, हे त्यांचे समर्थक सांगतात. कुलपाचं मला फार कौतुक नाही. विधेयकाचा जीव कुठे होता ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि लॉबीला ते किती हवं होतं तेही. हे मत सँडर्स यांच्या विरोधात जातं, आणि ते जायला हवं. जानेवारी २०१६ मध्ये, ऐन प्रचारात, तेच संरक्षण काढून टाकणाऱ्या विधेयकावर त्यांनी सहप्रस्तावक म्हणून नाव घातलं. पुढे सँडी हुक शाळेतल्या बळींच्या कुटुंबांनी जाहिरातीच्या अपवादाच्या वाटेनं रेमिंग्टनला गाठलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ७.३ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

याच कायद्याची एक वर्ष आधीची कथा मी कामात नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगतो. मार्च २००४ मध्ये हेच संरक्षणाचं विधेयक सिनेटमध्ये होतं. विरोधकांनी त्याला दोन दुरुस्त्या चिकटवल्या: असॉल्ट वेपन बंदीची मुदतवाढ, ५२ विरुद्ध ४७; आणि गन शोमधल्या, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शनातल्या, विक्रीलाही तपासणी, ५३ विरुद्ध ४६. दोन्ही मंजूर! एनआरएला हे असलं विधेयक नको झालं आणि संघटनेनं ते पाडा असा निरोप धाडला. विधेयक मांडणारे सिनेटर लॅरी क्रेग यांनी स्वतःच्याच विधेयकाविरुद्ध मत दिलं. शेवटचा निकाल: ८ विरुद्ध ९०. आता सांगा, त्या ९० जणांना तुम्ही कुठल्या बाजूला बसवाल? त्यात कंपन्यांना संरक्षण नको म्हणणारे आहेत, आणि बंदी नको म्हणणारेही. एकाच शब्दाखाली दोन टोकं. त्या दिवसाचं शेवटचं मत मी कोणाच्याही हिशेबात धरत नाही, आधीच्या दोन दुरुस्त्यांवरची मतं धरतो.

सिनेटमध्ये आणखी एक भानगड आहे ती शंभरपैकी साठ मतं लागण्याची. सिनेटच्या संकेतस्थळावर २०१३ ची मतनोंद क्रमांक ९७ उघडा. तारीख १७ एप्रिल, प्रश्न ‘दुरुस्तीवर’, मँचिन यांची दुरुस्ती क्रमांक ७१५. सँडी हुकमध्ये वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेल्यानंतर चार महिन्यांनी आलेली ही दुरुस्ती. गन शो आणि इंटरनेटवरच्या विक्रीला तपासणी लावणारी. खाली ‘हो’ ५४, ‘नाही’ ४६, आणि निकालापुढे ‘फेटाळली’. नवख्या माणसाला वाटतं छापण्यात चूक झाली. चूक नाही, त्याच पानावर बारीक अक्षरांत लिहिलंय, लागणारं बहुमत ३/५. आता ‘नाही’ची यादी वाचत जा. त्यात हॅरी रीड सापडतील. रीड बहुमताचे नेते होते आणि दुरुस्तीच्या बाजूचे होते. पण हरलेल्या प्रस्तावावर फेरविचार मागायचा तर जिंकलेल्या बाजूला मत दिलेलं असावं लागतं, म्हणून त्यांनी मुद्दाम ‘नाही’ म्हटलं. रीड यांची मतं मोजून कोणी टक्केवारी काढली आणि हे मत विरोधात धरलं, तर ती टक्केवारी केराच्या टोपलीत टाका. त्याच यादीत बॉकस, बेगिच, हाइटकँप आणि प्रायर हे चार डेमोक्रॅट आहेत. मोंटाना, अलास्का, नॉर्थ डकोटा, अर्कान्सा. यांचं ‘नाही’ मात्र खरोखरचं ‘नाही’ आहे. सँडर्स यांचं ‘हो’. त्याच दिवशी फाइनस्टाइन यांची असॉल्ट वेपन बंदी ४० विरुद्ध ६० अशी पडली, तिथंही सँडर्स ‘हो’.

कधी कधी एकाच दिवशी एकाच विषयावर दोन प्रतिस्पर्धी प्रस्ताव आणतात, म्हणजे प्रत्येकाला घरी जाऊन ‘मी मत दिलं’ असं सांगता येतं. ऑरलँडोच्या पल्स क्लबमधल्या हत्याकांडानंतर २० जून २०१६ ला सिनेटनं चार दुरुस्त्यांवर मतं घेतली, चारही पडल्या. दहशतवादाच्या संशयितांना बंदूक नको, यावर फाइनस्टाइन यांची दुरुस्ती ४७ विरुद्ध ५३, कॉर्निन यांची ५३ विरुद्ध ४७. कॉर्निन यांच्या दुरुस्तीत सरकारला तीन दिवसांत न्यायालयात पुरावा द्यावा लागणार होता, आणि अडचण तिथंच होती. पण पत्रकावर काय येईल? ‘दहशतवाद्यांना बंदूक मिळू नये म्हणून मत दिलं.’ दोन्हीकडच्यांच्या पत्रकावर, तेच वाक्य.

सँडर्स यांच्या २००९ मधल्या दोन मतांची जोडी मला फार बोलकी वाटते. अ‍ॅमट्रॅक रेल्वेत कुलूपबंद बंदूक चेक-इन सामानातून नेऊ द्या, या दुरुस्तीला त्यांनी ‘हो’ म्हटलं. एका राज्यात लपवून बंदूक बाळगायची मुभा असेल तर ती दुसऱ्या राज्यातही चालावी, या थून यांच्या दुरुस्तीला ‘नाही’. शिकाऱ्याची रायफल आगगाडीतून जाऊ दे, पण व्हरमाँटचे ढिले नियम न्यूयॉर्कच्या गळ्यात मारू नका. १९९१ पासूनची त्यांची मतं या ओळीत बसवून बघा, बरीचशी बसतात. २०१८ मध्ये तर व्हरमाँटनं स्वतःच कूस बदलली. एका शाळेवरच्या हल्ल्याचा बेत वेळीच उघडकीला आला आणि रिपब्लिकन गव्हर्नर फिल स्कॉट यांनी खरेदीचं वय, तपासणी, मॅगझिन यांवर बंधनं घालणाऱ्या कायद्यावर सही केली. २००५ चे सँडर्स आणि आजचे सँडर्स यांच्यात फरक दिसतो त्यातला काही त्यांच्या राज्याचा आहे आणि काही राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचाराचा.

एनआरएच्या श्रेणीबद्दलही विचारलंय. ती मार्कशीट आहे, ‘ए’ म्हणजे संघटनेच्या बाजूचा आणि ‘एफ’ म्हणजे विरोधातला, आणि पेपर काढणारा, तपासणारा एकच. कुठली मतं मोजायची हे संघटनाच ठरवते. सँडर्स यांना तिनं वेगवेगळ्या वर्षी ‘एफ’पासून ‘सी-मायनस’पर्यंत दिलंय. त्याहून मजेशीर कर्स्टन जिलिब्रँड. न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागातून हाउसमध्ये असताना ‘ए’, जानेवारी २००९ मध्ये सिनेटवर नेमणूक होऊन सगळ्या राज्याच्या प्रतिनिधी झाल्या आणि पुढे ‘एफ’. मतदारसंघ बदलला की मतंही बदलतात. काही जण याला संधिसाधूपणा म्हणतात. प्रतिनिधीनं मतदारांचं ऐकावं असंही तेच लोक म्हणतात.

आपल्याकडून आलेल्या माणसाला हे सगळं चक्रावून टाकतं, यात नवल नाही. भारतात बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं होतात आणि १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यावरच्या बंदुका तीनवरून दोनवर आल्या. सरकारनं आधी एकच ठेवायचं ठरवलं होतं, मग दोनवर तडजोड झाली. आपल्या खासदाराचं त्यावर स्वतंत्र मत काय होतं, हे विचारायची आपल्याला सवयच नाही.

तुम्ही मिशिगनला राहता असं लिहिलंय, तर एक इशारा. तेराव्या मतदारसंघाचे श्री ठाणेदार आपल्या बेळगावकडचे, म्हणून मराठी मंडळी त्यांचं नाव आधी शोधतात. टेक्ससमधल्या युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारानंतरचा २०२२ चा केंद्रीय बंदूक-कायदा (सिनेट ६५ विरुद्ध ३३, हाउस २३४ विरुद्ध १९३) त्यांच्या नोंदीत सापडणार नाही. तेव्हा ते लान्सिंगमध्ये राज्याच्या सभागृहात होते. मिशिगननं २०२३ च्या वसंतात तपासणी आणि सुरक्षित साठवणुकीचे कायदे केले तेव्हा ते वॉशिंग्टनला पोहोचलेले होते. दोन्ही ठिकाणी मत नाही, आणि दोन्ही वेळा त्यांनी मत टाळलेलंही नाही. कोणाच्या नावापुढे रिकामी जागा दिसली तर आधी तो त्या दिवशी त्या सभागृहाचा सदस्य होता का ते बघा. हाउसच्या नोंदी त्याच्या क्लार्कच्या, म्हणजे सचिव कार्यालयाच्या, संकेतस्थळावर आहेत, सिनेटच्या सिनेटच्या. दोन्ही फुकट आहेत, आणि दोन्हींत प्रश्नाचं वाक्य सगळ्यात वर दिलेलं असतं.

आणि जी मतं झालीच नाहीत त्यांचं काय? २९ जुलै २०२२ ला हाउसनं असॉल्ट वेपन बंदी २१७ विरुद्ध २१३ नं मंजूर केली. सिनेटमध्ये ती मताला आलीच नाही. त्यामुळे त्यानंतर आलेल्या सिनेटरला तुम्ही मतावरून तपासू शकत नाही. अशा वेळी काँग्रेसच्या संकेतस्थळावर विधेयकाच्या सहप्रस्तावकांची यादी उघडा. प्रत्येक नावापुढे तारीख असते. विधेयक मांडलं त्याच दिवशी कोणाचं नाव लागलं आणि निवडणुकीच्या तोंडावर कोणाचं, हे वेगळं काढा. तुमच्या दोन्ही सिनेटरांबाबत एवढं करा, मग त्या तारखा घेऊन मला पुन्हा लिहा.